तुम्ही मेलात, सावलीत बसा

नन्नावरे मॅडमनी मला पहिल्याच दिवशी, सकाळचे पोहे नीट खाली उतरायच्या आत, मारून टाकलं.

चंद्रपूरच्या बाहेर आमच्या खात्याचं एक प्रशिक्षण केंद्र होतं. त्याच्या मागच्या पडीक माळावर वणवा लागला होता. खोटाच. जमिनीवर भगव्या रांगोळीने काढलेला. मी त्या वणव्याचा पथकप्रमुख होतो. हातात नकाशा, गळ्यात शिट्टी, अंगावर 'प्रमुख' असं छापलेलं हिरवं जाकीट. नुकताच साताऱ्याकडून बदलून आलेला वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे अंगात उत्साह भरपूर. मी एकदोन हुकूम सोडले, पुढचा सोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मेले तुमी."

"अं?"

"जळकं झाड पडलं डोक्यावर. मेले. जा, त्या मोहाखाली सावलीत बसा. अन् मेलेलं माणूस बोलत नाई, हे ध्यानात ठेवा."

मी मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. माझं पथक जागच्या जागी उभं राहिलं. माझ्यानंतर कोणी बघायचं, हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. मॅडम वाकून पुडीतली रांगोळी सोडत वणवा पुढे सरकवत होत्या. सरकवत सरकवत त्यांनी तो माळाच्या टोकाला खडूने काढलेल्या गावात नेला आणि हात झाडले.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "हा माणूस एकटा नाई मेला. गाव घेऊन मेला."

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या वणव्यांसाठी पथकं बांधायची आणि त्या पथकांना पुढारी तयार करायचे, असा हा उपक्रम होता. त्याचं अधिकृत नाव इतकं लांब होतं की फलकाला मधे तिसरा बांबू लावावा लागे. "हे नाव वाचून होईपर्यंत डोंगर जळून जाते," असं मॅडम फलकाखालीच उभं राहून म्हणायच्या. उद्घाटनाला आलेल्या साहेबांच्या समोर म्हणायच्या, हे विशेष.

मॅडम मूलकडच्या. ठेंगण्या, रुंद, खाकी गणवेश, आणि डोक्याला पांढरा दुपट्टा असा घट्ट गुंडाळलेला की फक्त डोळे आणि चष्मा दिसायचा. चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधलेली. वनरक्षकापासून चढत सहायक वनसंरक्षक झालेल्या. त्या काळात रानात बाई अधिकारी म्हणून काय काय सोसलं, हे त्यांना कोणी विचारलं की म्हणायच्या, "मच्छर." बस.

बोलण्याची पद्धत अशी, की समोरच्याला आपला अपमान झाला हे जेवणाच्या सुट्टीत कळायचं. माझा एक सहकारी नकाशावर फार सुबक खुणा करायचा, रंगीत पेनांनी. त्याचं काम त्यांनी बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "लयच सुंदर. लग्नाच्या पत्रिकेचं काम करता का जी फावल्या वेळात?" तो खुश होऊन "नाही मॅडम" म्हणाला. दुपारी वरणभात कालवताना त्याचा चेहरा हळूहळू पडला.

त्यांचा खरा राग होता खर्ऱ्यावर. आमच्या या भागात सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात नसलेला पुरुष सापडणं कठीण. वायरलेसच्या सरावात एकाने वरून सांगितलं, "आग नाल्याकडे वळली." तोंडात खर्रा. खाली ऐकू आलं, "आई नायाके वयी." खालच्याने विचारलं, "कोणाची आई?" सगळा माळ हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या गड्याला बोलावलं, समोर उभं केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "खाली सात पोट्टे नाल्यात उभे आहेत असं समज. तुले वाचवाचे आहेत का चघळाचे?" त्या दिवसापासून वायरलेसच्या टेबलाशेजारी पिचकारीची बादली आली. आधी थुंका, मग बोला. आजूबाजूच्या वनपरिक्षेत्रांत ही बादली अजून 'नन्नावरे बादली' म्हणून ओळखली जाते. खात्यात कोणाचं नाव कशाने उरेल, सांगता येत नाही.

पण मुख्य गोष्ट मारण्याची. प्रत्येक सरावात त्या प्रमुखाला मारायच्या, आणि कधी मारतील याचा नेम नसायचा. कधी पहिल्याच हुकमाला, कधी सगळं आटोपून माणूस घाम पुसत असताना. मेलेल्याने सावलीत बसून पुढचं सगळं मुकाट बघायचं. मॅडमचं म्हणणं असं, की पुढारी कसा आहे ते तो बोलत असताना दिसत नाही. तो गप्प झाल्यावर त्याच्या माणसांकडे पाहा.

हे शिक्षण ज्यांना सर्वांत जड गेलं ते राजूरकर साहेब.

राजूरकर आमच्या तुकडीतले सगळ्यात ज्येष्ठ. नागपूरचे. मिशी रोज कोरलेली, बूट रोज चमकवलेले. जंगलात असे बूट चमकत ठेवायला माणसाला जंगलापासून किती लांब राहावं लागत असेल, याचा आम्ही अंदाज करायचो. बोलणं मात्र छान. वरिष्ठांचा फोन आला की बसलेले राजूरकर उभे राहत. खुर्चीत असोत, जीपमध्ये असोत. एकदा जीपमध्ये उभे राहिले तेव्हा डोक्याला टेंगूळ आलं. पण "होय सर"मध्ये खंड नाही.

त्यांना मॅडमनी मारलं तेव्हा ते सावलीत गेले खरे, पण खिशातून मोबाइल काढून तिथून हलक्या आवाजात हुकूम देऊ लागले. मॅडमनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग सराव थांबवला. सगळ्यांना मोहाभोवती गोल उभं केलं. पळसाची वाळकी पानं दोऱ्यात ओवून त्याची माळ केली, राजूरकरांच्या गळ्यात घातली आणि श्रद्धांजलीचं भाषण सुरू केलं.

"कैलासवासी राजूरकर साहेब मोठे मनमिळाऊ होते. कोणाचंही ऐकून घेत नसत. त्यांच्या जाण्यानं खात्यात मोठी पोकळी, अन् मोठी शांतता निर्माण झाली आहे. आपण उभे राहून शांतता पाळू."

आम्ही शांतता पाळली. इतकी कठीण शांतता मी आयुष्यात पाळलेली नाही. कोणी दुपट्टा तोंडात कोंबला होता, कोणी आकाशाकडे पाहत होतं. राजूरकर गळ्यात पानांची माळ घालून मोहाखाली बसलेले, लाल होत होत जांभळे झाले.

त्यांनी तक्रार केली. साहजिक होतं. वरून मॅडमना समज देणारं पत्र आलं. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि त्यातल्या व्याकरणाच्या चुका सांगितल्या. मला तेव्हा ते भारी वाटलं. नंतर कधीतरी वाटलं की माणसाला इतकं सगळ्यांसमोर सोलायची गरज नव्हती. मॅडमना ते कधीच वाटलं नाही. दया नावाचा विषय त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

मग तो एप्रिल आला.

भामरागडच्या अलीकडे डोंगररांगेत आग लागली. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, त्यातलीच एखादी निसटली असावी. दोन दिवस ती आतल्या आत धुमसत राहिली आणि तिसऱ्या दिवशी डोंगर चढू लागली. दोन्ही जिल्ह्यांतून पथक गोळा झालं. प्रशिक्षणाबाहेरचा पहिला खरा वणवा, म्हणून प्रमुख खुद्द नन्नावरे मॅडम. नियमाप्रमाणे सकाळी सगळ्यांना उभं करून त्यांनी सांगितलं, "मले काई झालं त माझ्यानंतर राजूरकर साहेब." त्यांच्यानंतर ज्येष्ठ तेच होते, इलाज नव्हता. पण ते नाव घेताना मॅडमच्या तोंडात बिब्बा फुटल्यासारखं झालं.

आणि बिब्ब्यानेच घात केला. डोंगराच्या त्या अंगाला बिब्ब्याची झाडं होती. ती पेटली की धूर अंगाला बाधतो, काहींना जास्तच. मॅडमना लहानपणापासून बिब्बा चालत नसे. सकाळी त्या वाऱ्याचा अंदाज घ्यायला पुढे जाऊन आल्या. दुपारपर्यंत चेहरा सुजला, डोळे बारीक झाले, मग बंदच झाले. चष्मा काढला तरी आतलं माणूस दिसेना.

आम्ही डोंगराच्या पायथ्याला, कोरड्या नाल्याजवळ होतो. वर माथ्यावर वनरक्षक सुनीता मडावी आपल्या तुकडीला घेऊन पाला झाडून जाळरेषा काढत होती, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळू नये म्हणून मोकळा पट्टा. तो पट्टा टिकला तर पलीकडचं सागवानाचं रोपवन वाचणार होतं. ते रोपवन साधंसुधं नव्हतं. पाहुणे आले की दाखवायचं रोपवन होतं ते. तिथे पाटी होती, कमान होती, आणि पुढच्या आठवड्यात कोणीतरी फार मोठं माणूस येणार होतं.

मॅडमनी चाचपत एका दगडावर हात टेकला आणि बसल्या.

"राजूरकर साहेब."

"जी, मॅडम."

"मले दिसून नाई राह्यलं. मी मेली. आता तुमी."

राजूरकर हसले. त्यांना वाटलं, चेष्टा. मग त्यांनी तो सुजलेला चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं. मी हिरवं जाकीट मॅडमच्या अंगावरून काढून राजूरकरांना दिलं. ते त्यांना आखूड झालं.

थोड्या वेळाने वारा फिरला. वायरलेसवर सुनीताचा आवाज आला, स्वच्छ, एकेक शब्द वेगळा. "खालून धूर वर येऊन राह्यला. आग दोन्ही बाजूनं दिसते. पट्टा अर्धा झाला. थांबू का उतरू?"

राजूरकरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम दगडावर बसल्या होत्या, तोंड डोंगराकडे, डोळे मिटलेले.

"मॅडम, काय सांगू?"

मॅडमनी चाचपत खालची एक काटकी उचलली.

"मॅडम, हा सराव नाही. खरं आहे हे."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. हातातली काटकी त्यांनी मोडली. मग तिचे तुकडे मोडले.

तेवढ्यात राजूरकरांचा मोबाइल वाजला. वरिष्ठ साहेब. राजूरकर उभेच होते, तरी अजून थोडे उभे राहिले. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. रोपवन कोणत्याही परिस्थितीत वाचलं पाहिजे, एकही माणूस माथ्यावरून हलता कामा नये, किती वेळात रेषा पूर्ण होते ते कळवा. राजूरकर सवयीने म्हणाले, "होय सर." आणि दुसऱ्या हातातल्या वायरलेसवर सुनीता पुन्हा म्हणाली, "थांबू का उतरू? लवकर सांगा."

मी राजूरकरांना त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळदा पाहिलं आहे. पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते कधीच नाही. शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसं. त्यांनी मोबाइल मॅडमच्या समोर धरला. म्हणजे बोला तुम्हीच. मॅडमना ते दिसत नव्हतं, पण साहेबांचा आवाज जवळ आला हे कळलं असणार. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

राजूरकरांनी मोबाइल परत कानाला लावला. घसा साफ केला.

"हॅलो? हॅलो सर? सर, आवाज येऊन नाही राह्यला... हॅलो? इथी नेटवर्क..."

आणि फोन बंद करून खिशात टाकला. नेटवर्क उत्तम होतं. त्या डोंगरात ते एरवी कधी नसतं, नेमकं तेव्हा होतं.

मग ते वायरलेसवर ओरडले. आवाज चिरकला, पण ओरडले. "सुनीता, सामान टाक अन् उतर! जळून गेलेल्या भागातनं ये, काळ्या जमिनीवरनं! हिरव्यात जाऊ नको! एकेकाचं नाव घेत ये!"

ती माणसं नाल्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच माथा पेटला. एकाएकी, फटाक्यांची माळ लागावी तशा बांबूच्या गाठी फुटायला लागल्या. ज्या जागेवर ती उभी होती तिथे ज्वाळा झाडांच्या वर गेल्या. आम्ही सगळे तोंड वर करून पाहत राहिलो. पलीकडे रोपवन गेलं. कमान गेली. पाटी गेली.

सुनीता राखेने काळी होऊन समोर आली. राजूरकरांनी तिच्या तुकडीतल्या प्रत्येकाला हात लावून मोजलं. पुन्हा मोजलं. मग नाल्याच्या रेतीत मटकन बसले, आणि ते चमकणारे बूट घालून बसलेला तो माणूस सगळ्यांच्या देखत रडला.

दगडावरून मॅडमचा आवाज आला. "सगळे आले?"

"आले, मॅडम," मी म्हणालो.

"मग मले दवाखान्यात न्या बाप्पा. आग होऊन राह्यली तोंडाची."

जीपमध्ये मी शेजारी होतो. डोळ्यांवर ओला दुपट्टा घेऊन त्या मागे रेलल्या होत्या. बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, "मी असती त ठेवले असते वर. पट्टा पुरा करा म्हटलं असतं. मले वाटून राह्यलं होतं, होते पुरा." दुपट्टा उलटून पुन्हा डोळ्यांवर ठेवला. मग, "त्या राजूरकराले सांगू नको. आधीच मिशीले पीळ देते."

चौकशी झाली. रोपवन जळालं म्हणजे चौकशी होणारच. माणसं वाचली याची कधी चौकशी होत नाही. राजूरकरांनी आपल्या जबाबात लिहिलं की सर्व निर्णय नन्नावरे मॅडम यांच्या मार्गदर्शनाखाली, त्यांच्या उपस्थितीत घेण्यात आले. शब्दाशब्दाला खरं होतं ते. मार्गदर्शन त्यांचंच, उपस्थितीही होती.

मी ते वाचून संतापलो. मॅडमकडे गेलो. चेहऱ्याची सूज उतरली होती, कातडी सोलवटत होती. त्यांनी ते ऐकलं आणि इतक्या हसल्या की सोलवटलेली कातडी ताणून दुखायला लागली.

"पाह्य बा," त्या म्हणाल्या, "एकदा साहेबाचा फोन कापला. माणसानं किती वेळ शूर राहाचं? दमते ना तो."

"पण तुम्ही खरं सांगा ना चौकशीत. सुनीता सांगेल, मी सांगतो."

"काय सांगू? का मी असती त माणसं मेले असते? हे सांगू?" त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "हुकूम माझाच होता, असं मी लिहून देल्लं. तू आता चहा पे अन् जा."

त्यांना प्रशिक्षणावरून काढून बल्लारपूरच्या लाकूड डेपोत टाकलं. निवृत्ती जवळ आलेली, नवरा तिथेच कागद गिरणीतून निवृत्त होऊन बसलेला, तेव्हा ही शिक्षा नसून सोय आहे असं वरिष्ठांनी सांगितलं. राजूरकरांना बढती मिळाली. त्यांनी प्रशिक्षण केंद्र हातात घेतलं. आता माळ नाही, वातानुकूलित सभागृह आहे. भिंतीवर पडदा, पडद्यावर बाण, बाणांच्या टोकाला चौकटी, चौकटीत हुद्दे. सगळ्यात वरच्या चौकटीत जो असतो तो शेवटपर्यंत जिवंत राहतो. राजूरकर बोलतात सुंदर. त्या वणव्याचा अनुभवही सांगतात, दरवर्षी थोडा वाढवून. त्यांच्या हकिगतीत वरून साहेबांचा फोन येतच नाही. मॅडमचा उल्लेख मात्र करतात, 'आमच्या आदरणीय ज्येष्ठ सहकारी' असा, आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज जरा खाली येतो. हे मी लक्ष देऊन ऐकलं आहे.

सुनीता मडावीने या नव्या सभागृहात प्रशिक्षण घेतलं. परतल्यावर मी विचारलं, कसं होतं? ती म्हणाली, "जेवण चांगलं होतं, सर."

मॅडम निवृत्त झाल्यानंतर मी एकदा कामाने बल्लारपूरला गेलो होतो. गिरणीची पाळी सुटण्याच्या आधीची वेळ, उन्हं तिरपी झालेली. एका शाळेच्या मैदानाच्या कडेने जाताना ओळखीचा आवाज कानावर आला म्हणून गाडी थांबवली.

मॅडम स्कूटी शिकत होत्या. आयुष्यभर सरकारी जीपमध्ये बसलेली बाई. अंगात नऊवारी नव्हे, गणवेश नव्हे, फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस. डोक्यावर हेल्मेट. मागे त्यांचा नवरा, लुकडा, टकला, कॅरियर धरून धापा टाकत पळत होता.

"ब्रेक! अवं ब्रेक दाब!"

"मले नको सांगू!"

"भिंत आहे पुढं!"

"दिसते मले भिंत!"

भिंत दिसत असूनही त्या भिंतीकडेच गेल्या. पडल्या. हळू पडल्या, कडेला कलत कलत, जशी बैलगाडी कलते. नवरा उचलायला धावला. त्यांनी त्याचा हात झटकला, गुडघ्यावरची माती झाडली, चष्म्याची दोरी नीट केली आणि स्कूटी स्वतः उभी केली. तो काहीतरी समजावू लागला, हातवारे करून, बोटांनी आकडे दाखवत. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. पूर्ण ऐकलं त्यांनी. मला विश्वास बसेना.

मग पुन्हा बसल्या. या खेपेला तो मागे पळाला तेव्हा कॅरियर त्याच्या हातातून सुटलं. ते त्यांना कळलं नाही, किंवा कळलं असेल. स्कूटी डुलत डुलत मैदानाच्या फाटकाकडे गेली. मला वाटलं, आता वळतील. त्या वळल्या नाहीत. सरळ फाटकातून बाहेर पडल्या, रस्त्यावर, आणि गिरणीच्या बाजूला निघाल्या, दोन्ही पाय जमिनीपासून जरा वर, बदकासारखे फाकवून.

नवरा मैदानाच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या एका हातात मॅडमची पर्स होती, दुसऱ्या हातात एक चप्पल.

"अवं, थांबवता येते का तुले?" तो ओरडला.

दुरून उत्तर आलं, "नाई!"